अठ्ठेचाळीस एमबी

कासुंबालेसाच्या नाक्यावर आज चौथा दिवस.
सकाळी रांग तीन ट्रकांनी सरकली,
मग ज्याच्या हाती शिक्का, तो जेवायला गेला.

अंबाकिस्ये बोनेटवर बसून हिशेब बघतो.
डिझेलचा नव्हे, तो तोंडपाठ आहे.
सेटिंग, मग डेटा वापर, मग ती हिरवी पट्टी,
सोमवारी हातभर होती,
आता बोटभर.

पाचशेतले उरलेत एकशे बारा.
खाली नावानिशी यादी, कुणी किती खाल्लं.
नकाशाने एकोणीस:
चार दिवस जागच्या जागी उभ्या ट्रकला
रस्ता दाखवल्याबद्दल.
हवामानाने सहा, आणि बाहेर नुसतं ऊन.
फुटबॉलचे चाळीस मान्य, ते त्याने स्वतः उडवले.
पण फोटोंनी एकशे सत्तर!
रात्री तो घोरत असताना
परस्पर कुठल्याशा ढगात जाऊन बसलेले फोटो:
फुटलेलं टायर, विम्याचा कागद,
पुन्हा तेच टायर, दुसऱ्या बाजूने.

मळणीच्या बैलाला घालावं तसं
तो एकेकाला मुसकं घालतो.
बॅकग्राउंड बंद. अपडेट बंद. बंद. बंद.
आणि चारशे तीसवर ओढतो एक लाल रेघ.
तिच्यापलीकडचे सत्तर एजंटाच्या कागदासाठी.
तो कागद कधीही येईल,
आला आणि फोन कोरडा असला
तर रांगेत पुन्हा शेपटाकडून.

शेजारच्या ट्रकमधला सिलुम्बू रात्रभर सिनेमे बघतो
आणि शुक्रवारी सगळ्यांकडे हॉटस्पॉट मागत फिरतो.
"मोजून मोजून," तो म्हणतो,
"एक दिवस श्वाससुद्धा मोजून घेशील."
अंबाकिस्ये त्याला उकडलेलं अंडं देतो, डेटा देत नाही.

म्बेयाहून तुसेकिले बोलते ते परवडतं.
मिनिटभराच्या आवाजाला एमबीसुद्धा लागत नाही.
कांद्याचा भाव, गळका पत्रा, सासऱ्यांचा खोकला.
मध्येच ती थांबते, काहीतरी सांगू की नको असं,
ते थांबणंही मोजलं जातं, बोलण्याच्याच दराने.

पण परवा आलाय एक व्हिडिओ.
अठ्ठेचाळीस एमबी. वर गोल बाण, मागे धुकं.
धुक्यात काहीतरी पिवळं, काहीतरी तपकिरी,
दार असेल, नाहीतर शेळी.
खाली एवढंच: आतुपेले, आज.
ते 'आज' आता दोन दिवसांचं झालं.

मागे फळीवर तीस टन तांबं.
बंदरापलीकडे कुठेतरी त्याची तार ओढतील,
तिच्यातून कुणाचं काय काय वाहील.
त्याच्या टोपीखाली मात्र एकच बोट, बाणावर, अधांतरी.

संध्याकाळी रांग हलते, दोनशे मीटर.
तेवढ्यात फोन देश बदलतो,
कुणीतरी फ्रेंचमध्ये स्वागत करतं,
आणि तो घाबरून रोमिंग मिटतो,
उघड्या नळावर हात ठेवावा तसा.
अर्ध्या तासाने आपला टॉवर परत मिळतो.

त्या आनंदातच असेल, बोट पडतं.
बाणाभोवती कडं भरत जातं. दहा. बावीस. छत्तीस.
बेचाळीसवर थांबतं.
तुम्ही ठरवलेली मर्यादा पूर्ण झाली आहे.

सिलुम्बू एवढा हसतो की त्याच्या हातातला चहा सांडतो.
आणि मग अंबाकिस्येही हसतो, काय करणार,
पहारेकरी स्वतःच नेमलेला.

व्हिडिओवर फुली मारतो.
रेघ पाचाने सरकवतो, फक्त पाचाने.
आणि बोलतो: "तुसेकिले, पाठवू नको पुन्हा.
त्यात काय आहे ते सांग."

उत्तर रात्री येतं. दोन मिनिटं, बारा सेकंद.
"पिवळी ती बादली रे. नवी.
ती बादलीत बसलीय आणि उठायचंच नाही म्हणते.
थांब, ऐक," आणि मग नुसतं
ढब, ढब, ढब,
प्लास्टिकवर एका लहान तळव्याचं,
आणि मागे कोंबडी ओरडल्यासारखं काहीतरी,
ते बहुधा हसणं.

तो दिवा मालवतो, फोन कानाखाली घेतो.
पुन्हा ऐकायला काही पडत नाही.