अर्धी छाती

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
खोंगोर सुमच्या दवाखान्यातून दाशझेवेगची छाती निघाली
गोठलेल्या गोबीवरून, एकशे ऐंशी किलोमीटर,
आणि इथे पोचली ती पाचव्या बरगडीपर्यंतच.
त्याखाली सपाट करडा रंग.
धुकं नाही, सूज नाही, पाणी नाही.
नुसतं काहीच नाही.

डॉक्टर न्यामसुरेन चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या,
"सोयोलमा, हे फुप्फुस असं, की तुझं यंत्र असं?"
यंत्र, म्हटलं मी.
आणि मग वाचली ती ओळ, जी चार दिवस रोज उगवत होती
आणि मी रोज बाजूला सारत होते:
डिस्कवर जागा शिल्लक नाही.

फोनवर बायास्गालान. तेवीस वर्षांचं पोरगं.
त्याच्यामागे जनरेटरची घरघर,
त्याहून जवळ म्हाताऱ्याचा खोकला.
"पुन्हा पाठवू?"
पाठव, हा शब्द ओठांवर आला होता,
तेवढ्यात फोल्डर उघडलं.
त्याने आधीच नऊ वेळा पाठवली होती.
नऊ वेळा अर्धी छाती,
एकाच नावाच्या नऊ फायली, शेपटाला आकडे,
आणि त्यांच्याखाली मागच्या आठवड्यातले
अर्धे गुडघे, अर्ध्या कवट्या,
कुणाचं तरी कोवळं मनगट, तळव्याआधीच तुटलेलं.
पुऱ्या फोटोंनी नव्हती भरली डिस्क.
न पोचलेलेच येणाऱ्यांची वाट अडवून बसले होते.

"थांब. काही पाठवू नकोस.
मूळ फोटो आहे ना तुझ्याकडे?"

पलीकडे गप्प.
जनरेटर. खोकला. जनरेटर.

शरदात मीच कागद लिहून दिला होता,
तिथल्या भिंतीवर चिकटवायला:
पाठवलं की पुसून टाका, जागा कमी आहे.
पाठवलं की.
पोचलं की, असं नव्हे.
एका क्रियापदाची चूक, आणि अक्षर माझं.

"आहे," शेवटी तो म्हणाला. "मी पुसत नाही.
तुम्ही सांगितलंत, पण नाही पुसत.
मेंढ्या दुसऱ्याच्या कुंपणात घातल्या
तर तिकडून आकडा ओरडून आल्याशिवाय
आमच्यात कुणी पाठ फिरवत नाही."
"मग जागा कुठून आणतोस?"
"माझ्या फोनमध्ये ठेवतो. गाणी काढून टाकली."

मी अर्धवटं पुसायला घेतली.
गुडघे गेले, कवट्या गेल्या.
मनगटापाशी बोट थांबलं,
पूर्ण प्रत आली होती का, हे पाहून आले, मगच.
मग घाईघाईत चार ओळी लिहिल्या यंत्रासाठी,
उंबऱ्यावर उभ्या केलेल्या म्हातारीसारख्या:
येणाऱ्याला आधी विचार, केवढा आहेस?
मावत नसेल तर दारातूनच परत पाठव, आत घेऊन गुदमरवू नकोस.
येतोय तोवर टोपणनावाने राहू दे,
शेवटचा बाइट जुळल्यावरच खरं नाव.
आणि मधेच तुटला, तर त्याचे तुकडे
तूच उचलायचे, सकाळवर ढकलायचे नाहीत.

तीन वाजून पाच मिनिटांनी म्हटलं, आता पाठव.

बरगड्या आल्या. पाचवी. सहावी.
करडा रंग मागे हटत गेला,
आणि डावीकडे, अगदी तळाशी,
पेल्यात दूध साचावं तसं पांढरं.
न्यामसुरेन खुर्चीतून उठल्या.
"पाणी," त्या म्हणाल्या. "चांगलं लिटरभर."
आणि गाडीवाल्याला उठवायला गेल्यादेखील.

वरच्या अर्ध्या छातीत काहीही नव्हतं.
वरची अर्धी छाती अगदी निर्दोष होती.

मी आकडा ओरडले, खरंच ओरडले फोनमध्ये,
सगळे बाइट, एककापर्यंत.
"जुळतो," तो म्हणाला.
"आता पेन घे. भिंतीवरचं ते 'पाठवलं' खोड—"
"ते होय," बायास्गालान म्हणाला,
"ते मी केव्हाच खोडलंय."