कोरं पाणी

झेरॉक्स मशीनच्या बाजूला दोन फुटी काचपेटी,
साकोलीहून आणलेले पाच मासे
आणि नळाचं ताजं पाणी.
चौथ्या दिवशी उरले दोन.
पाणी तर इतकं स्वच्छ, की पेटीतून
मागचा दरपत्रकाचा बोर्ड वाचता यायचा.

इस्तारी आला होता मच्छीमार संस्थेचा ठराव घेऊन,
दोन प्रती काढायला.
पाण्यात बोट बुडवलं, हुंगलं.
"कोरं हाये ना बाबू हे पानी.
कोऱ्या पान्यात कोन रायते?"
माझ्या हातात अख्खी रीम होती कागदाची.

दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानात बांधून
तलावातले चार शेवाळलेले खडे.
"हे टाक. अन् जरा उपाशी ठेव त्यायले."

मग रोज एक बादली काढायची, एक ओतायची,
रात्रभर उघडी ठेवलेली,
ब्लिचिंगचा वास उडून गेलेली.
घरी कांता सकाळी शिळं पाणी फेकते,
मी दुकानात शिळं करत बसतो.

मधेच पाणी ताकासारखं झालं.
घाबरून फोन लावला.
"होऊ दे," म्हणाला, आणि ठेवला.

निवळलं. बोर्ड पुन्हा दिसतो, किंचित हिरवा.
झाकण उघडलं की
तलावाच्या पाळीवर बसल्यासारखं वाटतं.

आज तपासणीची पट्टी पिवळीच राहिली.
साकोलीला जाऊन तीन आणतो म्हटलं
तर इस्तारी सुटे पैसे मोजता मोजता,
"तीन नोको.
पाहुना एकच आन.
त्यायले विचारून पाह्य."