सहा नंबरचं दार

दार काढायला दहा मिनिटं लागली.
तीन बिजागऱ्या, नऊ स्क्रू,
दोन गंजलेले, त्यांना थोडं रॉकेल.
अपोंडी पायरीवर बसून बघत होती.
स्क्रू हरवू नयेत म्हणून
तिनंच आतून बशी आणून दिली.

इथं किसुमूत असंच करतात.
कोर्टात गेलं तर वर्ष जातं,
भांडी बाहेर फेकली तर गर्दी जमते.
दार नेलं की माणूस दोन रात्रींत
आपणहून उठतो.
हे मला ओगुटूनं शिकवलं.
त्याच्या पंचवीस खोल्या.
माझ्या सहा, पत्र्याच्या.
पोस्टातली एकतीस वर्षं त्या पत्र्यांत गेली,
आणि पतपेढीचा हप्ता
पाच तारखेला दार वाजवत नाही,
सरळ आत येतो.

चार महिन्यांचं भाडं थकलं.
वहीत मी तसंच लिहिलं, थकलं,
आणि त्या शब्दावरून जरा वेळ
पेन उचललं नाही.

पहिल्या महिन्यात म्हणाली,
सरोवर जलपर्णीनं भरलंय, होड्या अडकल्यात,
विकायला मासळी कुठून आणू?
मी स्वतः बघून आलो. खरं होतं.
धक्क्यापासून पार लांबवर हिरवं कुरण,
त्यावरून एक बगळा चालत होता
घरमालकासारखा.
दुसऱ्या महिन्यात तिनं निम्मे दिले.
तिसऱ्यात ती मला चुकवू लागली.
चौथ्यात मीच तिला.
हे ओगुटूला बोललो नाही.

दार हातगाडीवर घालून घरी आणलं,
गाडीवाल्यानं पन्नास शिलिंग घेतले.
ठेवायचं कुठं? पलंगाशेजारी, भिंतीला टेकवून.
रात्री कूस बदलली तर समोर
खडूच्या रेघा, खालून वर वर चढत गेलेल्या.
एकीपुढे ‘दात पडला’.
एकीपुढे नुसतीच तारीख.
सगळ्यात वरची गेल्या रविवारची,
माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाएवढी.
आणि एक नाव, अवूर.
पाच वर्षं भाडं घेतलं त्या खोलीचं,
नाव आता कळलं.

दोन रात्री गेल्या. त्या उठल्या नाहीत.
चौकटीत तिनं लेसो टांगला म्हणे,
आणि चार नंबरचा रखवालदार
कामावरून आला की खुर्ची टाकून तिथंच बसतो.

तिसऱ्या दिवशी पोरगी माझ्याकडे आली.
“आईची बशी.”
मी स्क्रू ओंजळीत ओतले.
ती बशी घेऊन निघाली,
दार दिसलं तशी थांबली,
टाचा जुळवून त्याला पाठ लावून उभी राहिली,
डोक्यावर तळवा आडवा.
“वाढले का?”

तेवढीच होती. चार दिवसांत काय वाढणार?
“किंचित,” मी म्हटलं.
खडू नव्हता.
वहीतलं पेन घेतलं आणि रेघ ओढली.

ती वळून बघत बघत गेली.
मी नऊ स्क्रू मुठीत झाकून
दारात उभा.
माझ्या.