परत-तारीख

कोठाऱ्यांनी धंदा सुरू केला तेव्हा पलंग चाळीस होते
आणि एक लांबट वही, पाठीला लाल कापड.
परळला, इस्पितळांच्या मागच्या गल्लीत.
डोक्याकडून वर होणारे पलंग, चाकांच्या खुर्च्या,
प्राणवायूची यंत्रं, घरी न्यायला, भाड्याने.
वही भरली. मग एक्सेल आलं.
आता पलंग सव्वीसशे, गोदाम कॉटन ग्रीनला,
आणि फाइलचं नाव
'भाडे फायनल नवी खरी ४'.

एका शनिवारी ती दोघांनी एकदम उघडली
आणि तीनशे सतरा नंबरचा पलंग
माहीमलाही लागला, मुलुंडलाही.
माहीमला पलंग गेला. मुलुंडला नुसती पावती.
मुलुंडच्या बाईंनी आवाज चढवला नाही.
म्हणाल्या, बाबांना खाली सतरंजीवर ठेवलंय,
जरा लवकर बघता का.

सोमवारी कोठारे म्हणाले,
हेमांगी, नवा डेटाबेस घेऊ. निवड तू कर.

मग माणसं येऊ लागली, लॅपटॉप घेऊन.
एक म्हणाला, आमच्यात रकाने आखावे लागतच नाहीत,
काहीही टाका, कसंही टाका.
लोपीस दारातूनच म्हणाला,
तसं तर आपलं गोदाम आहे की.

दुसऱ्याकडे पाच शहरांत पाच प्रती.
एकीत बदललं की थोड्या वेळानं
सगळीकडे सारखं होतं.
थोडा वेळ म्हणजे किती, मी विचारलं.
तो हसला. मी यंत्रांची यादी बघत होते,
दादरचं एक, रात्रीतून तीनदा फोन आलेलं.

तिसऱ्याने सेकंदाला दहा लाख नोंदी करून दाखवल्या.
कोठाऱ्यांनी चष्मा पुसला.
एवढी आजारी पडायचीत का हो मुंबईत?
कुणीच हसलं नाही.
जाता जाता तो म्हणाला, परत येण्याचं कारणही नोंदवा,
फार मोलाची माहिती असते.
नको, कोठारे म्हणाले.
इतक्या पटकन त्यांना 'नको' म्हणताना
मी कधी ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नव्हती.
आमच्या फाइलमध्ये परत-तारीख सक्तीची होती.
रिकामी सोडली की रकाना लाल व्हायचा,
पुढे जाऊ द्यायचा नाही.
म्हणून लोपीस सगळ्यांना टाकायचा
३१ डिसेंबर २०९९.
आमच्या हिशेबी
वरळीची आजी, भांडुपचा मिस्त्री,
कुर्ल्याची ती सात वर्षांची मुलगी,
सगळी त्या दिवसापर्यंत पलंगावर,
आणि भाडं चालू.

शेवटी मी साधं घेतलं, जुनं, फुकटातलं,
तक्त्यांचं. दाखवायला कुणी आलं नाही त्याचं.
एकाचा हात ओळीवर असला
की दुसऱ्याला थांब म्हणतं.
आणि रिकामं ठेवलेलं रिकामंच ठेवतं.
शून्य म्हणत नाही, उद्या म्हणत नाही.
दोन रिकामे रकाने समोर धरून विचारलं,
हे दोन सारखे का,
तर हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही.

रविवारी रात्री अकराशे चौऱ्याऐंशी ओळींतून
मी २०९९ काढलं.
पंखा चालू होता, लोपीस वडापाव घेऊन आला होता,
पडद्यावर एक पांढरा पट्टा खालपर्यंत.
हे सगळे अजून आहेत, तो म्हणाला,
आणि कागद चुरगाळून खिशात घातला.

बुधवारी मुलुंडचा फोन. पलंग घेऊन जा.
मी विचारलं नाही. रकानाच नाही विचारायला.
संध्याकाळी टेम्पो आला.
गादी गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती,
नीट, दोन गाठी,
आणि डोक्याकडची बाजू अजून वरच.
लोपीसनं हँडल फिरवून ती खाली केली.

मी तारीख टाकली. पलंग मोकळा झाला.
दहा मिनिटांत लागला.
चेंबूर, दुसरा मजला, लिफ्ट नाही.