चार मिनिटं वीस सेकंद

सर्व्हर पुन्हा सुरू केला की
भूकंपमापकांचं बोलणं येतं
आणि बरोबर चार मिनिटं वीस सेकंदांनी
तुटतं.

आकुरेरीत रात्रीचे दोन. स्टेनव्होरने
केबल बदलली, बफर वाढवला,
फायरवॉलला उगाच शिव्या घातल्या.
कार्डावर गळतीचा आकडा शून्य.
म्हणजे पॅकेटं हरवत नव्हती,
दारापर्यंतच येत नव्हती.

टेबलाखाली खोक्यात
गुरुवारी काढलेला जुना राउटर,
वर थोरलाउकुरच्या अक्षरात: काढू नका.

हाच विचारायचा दर दोन मिनिटांनी,
ऐकतंय का कुणी?
आता हजेरी घेणारंच नाही कुणी;
स्विचने मौनाचा अर्थ
नकार असा लावला.

तिने स्विचलाच विचारायला शिकवलं.
पाचवं मिनिट उलटलं. सहावं.
पडद्यावर, कुठल्याशा हिमनदीखाली
जमीन किंचित
खाकरली.