लेग बाय

त्या षटकाचं पान अजून माझ्याकडे आहे.
टिंब, टिंब, चौकार,
मग एकचा आकडा, जरा पुसलेला,
मग टिंब, मग विकेट.
चौथ्या आणि पाचव्या चेंडूच्या मध्ये
चंद्रहास चिटणीस माइकवर जे बोलले
त्याला स्कोअरबुकात चिन्ह नाही.

मीही ते इथे लिहीत नाही.
बडोद्यात सगळ्यांना पाठ आहे.
दांडिया बाजारात सेव-उसळीच्या गाडीवर
पोरं त्यांच्या आवाजात म्हणून दाखवतात,
शेवटचा शब्द तसाच लांबवत.

एकतीस वर्षं तो आवाज.
मोतीबागेवर वारा कुठल्या टोकाकडून येतोय
हे त्यांनी सांगायचं
आणि मांडवीतल्या शिंप्यानं मशीन थांबवून ऐकायचं.
‘आकडे काय, कुणीही वाचेल.
माणूस उभा कसा आहे ते सांग,’
हे मला त्यांनीच शिकवलं.
त्या दिवशी त्यांनी सांगितलं
एक माणूस उभा कसा आहे ते.
रतनपूरचा मकबूल सिद्दी,
आमच्यापैकी कुणाचा पणजोबा बडोद्यात येण्याच्या कितीतरी आधीपासून
याच मातीतला,
चेंडू मांडीवर घासत
रन-अपकडे परत चाललेला.
सुरुवात केसांपासून केली त्यांनी.

मी हसलो.
वाक्य गुजरातीत होतं. हसू कुठल्याच भाषेत नव्हतं,
पण टेपवर आहे.

चौकशीला तिघं बसले होते.
टेप तीनदा वाजवली.
हे हसणं कुणाचं, त्यांनी विचारलं.
‘माझंच,’ चिटणीस म्हणाले.
वाक्य बोलता बोलता त्याच क्षणी
कुणाला हसता येत नाही,
हे तिघांनाही कळत होतं.
तिघांनीही लिहून घेतलं.

अकराव्या दिवशी दोन ओळींचं पत्र.

मग गावभर तेच.
एका वाक्यासाठी एकतीस वर्षं?
रावपुऱ्यात कुणी म्हणालं, आता तोंड उघडायची सोय नाही.
मला वाटलं, शिंपी तरी हळहळेल.
त्यानं दोरा दातानं तोडला.
‘एक वाक्य कुठलं, साहेब?
आम्ही ऐकतच होतो.
मोजत नव्हतो, एवढंच.’

मोजायचं काम माझं होतं.

चिटणीसांकडे गेलो तेव्हा
वहिनींनी दार अर्धंच उघडलं.
आतून त्यांचा आवाज आला, माइकशिवायचा,
अगदी कुठल्याही म्हाताऱ्याचा:
‘कोण आहे?’
वहिनी म्हणाल्या, ‘कुणी नाही.’

त्यांची नोकरी जायला हवी होती का?
हवी होती, असं मला वाटतं.
पण माझं मत धरू नका. माझी आहे अजून.

राहून राहून आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ.
षटक संपवून मकबूल फाइन लेगला उभा होता.
तिथे प्रेक्षकांत तीन रेडिओ चालू होते.
त्यानं ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही.
खेळ संपल्यावर तो जिना चढून वर आला,
बूट दारातच काढले,
आणि चिटणीसांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभा राहिला.
बसा म्हटलं, बसला नाही.
‘सर, माझ्या तेविसाव्या षटकात
चौथा चेंडू पॅडला लागला होता.
अंपायरनं मांडीवर हात मारून दाखवलं होतं.
तुम्ही ती धाव माझ्यावर लावलीय.’

खरं होतं.
तेव्हा मी खाली मान घालून हसत होतो.

खोडरबर घेतला.
एक्केचाळीसचे चाळीस केले,
ती एक धाव अवांतरात टाकली.
तो वाकून बघत राहिला, आकडा नीट बसेपर्यंत.
मी म्हणालो, ‘आणखी काही?’

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी पेन्सिलीला टोक काढू लागलो.
टोक होतं तिला.

‘नाही सर,’ तो म्हणाला, ‘एवढंच चुकलं होतं
तुमच्या वहीत.’