तळाला लागलेली

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा नंबर नऊ.
शेजारी लेथ, वर पत्रा,
आणि दर चार मिनिटांनी पत्र्याला पोट घासत
उतरणारं विमान.
ते गेल्यावरच बोलायचं, असा इथला रिवाज.

रेमी किणीनं पाच ग्लास मांडले,
प्रत्येकापुढे खडूनं आकडा.
कुरमुरे, पाणी, पन्नास गुणांचा कागद.
"काका, ही अकरा महिने मुरलीय," चौथ्याबद्दल म्हणाला
आणि जीभ चावली.
परीक्षकाला काही सांगायचं नसतं.

रंग आधी. रंगात मी अजून फसत नाही.
चिंच लावायच्या आधी घंगाळाचा असतो तो,
ट्यूबलाइटसमोर धरला तर कडेला लाल.
फेस बसका, पिवळट.
ग्लास कलता केला, तर थेंब काचेवरून
पाय ओढत उतरले
कामावर जायचं जिवावर आल्यासारखे.
तीनपैकी तीन.

मग वास.
इथे मी दोन वर्षं खोटं बोलतोय.
त्या तापानंतर माझं नाक म्हणजे
कुलूप घातलेल्या घराची बेल.
दाबतो. वाजत असावी. दार कोणी उघडत नाही.
तरी डोळे मिटतो, मान डोलावतो,
पाठ असलेलं लिहितो:
मनुका, खारीक, काकवी, जुनं लाकूड.
शाल्मली माझ्या कागदाकडे बघून
तिचा कागद दुरुस्त करते.

चौथा ग्लास तळव्यात धरून ठेवला.
अशी जड बिअर गार असली की मुकी असते,
तिला हाताची ऊब लागते, आणि वेळ.
एक विमान गेलं. दुसरं गेलं.
घोट घेतला, जिभेवर लोळवला.
आधी गोड, दाट,
सातूच्या पिठात गूळ जास्त पडावा तसं.
कडवटपणा उशिरा, उधारी मागायला आलेला.
मग साडेदहा टक्क्यांची ऊब
छातीत पाट मांडून बसली.

गिळून झालं,
तेव्हा नाकाच्या मागच्या दारानं
काहीतरी आत आलं.

पुन्हा घोट.
खरवड!
दुधाच्या पातेल्याची.
चमच्याचा कर्रकर्र आवाज, वर चिमूटभर साखर,
धाकट्या भावाशी मारामारी,
खरपूस आणि करपट यांच्या मधल्या
उंबरठ्यावर उभी असलेली ती.
दोन वर्षांत पहिली चाहूल, आणि ही.

कागदावर तिला रकाना नव्हता.
"शाल्मली, तुला काय येतंय?"
तिनं हुंगलं. थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तळाला लागलीय, सर. दोषच आहे हा."

रेमीची मान खाली.
"उकळत असताना टँकर आला. पाइप धरायला गेलो.
वीस मिनिटं ढवळायला कोणी नव्हतं.
पप्पा म्हणाले, ओतून दे गटारात.
ओतवेना."

मी गुण कापले. कापायलाच हवे होते.
वास, बारापैकी चार.
शेरा: तळाला लागली आहे.
एकूण एकतीस.
माझ्या हस्ताक्षरात दोन वर्षांनी
एक तरी ओळ हुंगून लिहिलेली.

पाचव्या ग्लासाला म्हणालो,
वास तू लिही, शाल्मली. मला येत नाही.
तिनं पेन घेतलं.
काही विचारलं नाही. बहुतेक तिला ठाऊक होतं.

निघताना चौथीची उरलेली बाटली मागितली.
"दोन नंबरची नेता का काका? ती बरी झालीय."
नको, म्हटलं. हीच दे.
बूच दाबून बसवताना तो काहीतरी बोलला.
वरून विमान चाललं होतं.